डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ की बदलापूर? मुंबईबाहेर घर घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही लालबागमधून निघालो, दोन वर्षं डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहिलो आणि मग अंबरनाथला घर घेतलं. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे अनेकजण तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. पगारदार माणसाच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी खरेदी असते आणि ती बहुतेक वेळा दोन रविवारी साइट बघून उरकली जाते. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

१. ही चार गावं नक्की कुठे आहेत? एकमेकांपासून किती लांब?

चारही मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, ठाणे जिल्ह्यात आहेत. सीएसएमटीपासून डोंबिवली साधारण ४८ किलोमीटर, कल्याण ५४, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये ठाकुर्ली आहे. कल्याणला रूळ फुटतात: एक फाटा टिटवाळा-आसनगाव-कसाऱ्याकडे जातो, दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतकडे. डोंबिवली ते बदलापूर अंतर फक्त वीस किलोमीटर आहे, पण या वीस किलोमीटरमध्ये पाणी, पालिका, गर्दी, घराचा भाव आणि संध्याकाळी घरी पोचायची वेळ, सगळं बदलतं.

२. थोडक्यात सांगा ना, कोणतं घ्यावं?

घरातल्या ज्या माणसाला रोज सगळ्यात लांब जायचं आहे, त्याच्या सोयीने ठरवा. त्याचं ऑफिस फोर्ट-मस्जिदकडे असेल आणि वेळ काटेकोर असेल, तर डोंबिवली किंवा कल्याण, जरी खोली एक कमी मिळाली तरी. आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचं असेल किंवा नोकरी ठाणे, अंबरनाथ एमआयडीसी, उल्हासनगर अशा जवळच्या ठिकाणी असेल, तर अंबरनाथ-बदलापूरमध्ये त्याच पैशात मोठं, हवेशीर घर मिळतं. कल्याण पश्चिम मधलं आहे: गाव जुनं, बाजार भरलेला, लांब पल्ल्याच्या गाड्या दारात.

चारपैकी कोणतंच गाव वाईट नाही. चुकीच्या माणसाने चुकीचं गाव निवडलं की त्रास होतो.

३. ऑफिसला पोचायला खरा वेळ किती लागतो?

सीएसएमटीपर्यंत जलद लोकलने डोंबिवलीहून तासभराच्या थोडं पुढे, कल्याणहून सुमारे सव्वा तास, अंबरनाथहून जवळजवळ दीड तास आणि बदलापूरहून दीड तासाच्या आसपास किंवा जास्त. धिमी गाडी पकडली तर कल्याणहूनच दीड तास धरा.

पण हा फक्त गाडीतला वेळ. घरापासून स्टेशन, पुलावरची गर्दी, पहिली गाडी चढायला न मिळाल्यामुळे दुसरीची वाट आणि पलीकडे स्टेशन ते ऑफिस, हे सगळं मिळवा. माझा हिशोब असा: वेळापत्रकातल्या वेळेत सकाळी चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी पन्नास मिनिटं जोडायची. हा आकडा सहन होत असेल तरच पुढे जा.

ऑफिस कुठल्या स्टेशनजवळ आहे हेही बघा. कांजूरमार्गसारख्या स्टेशनवर जलद गाडी थांबत नाही, म्हणजे पवईला जाणाऱ्याला ठाण्याला किंवा घाटकोपरला गाडी बदलावी लागते. घाटकोपरला जलद गाड्या थांबतात आणि तिथून मेट्रो १ ने अंधेरीला जाता येतं, त्यामुळे अंधेरीवाल्यांना दादरचा वळसा घ्यायची गरज उरलेली नाही. नवी मुंबईत जायचं असेल तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल. बीकेसीला कुर्ला.

४. कल्याणच्या पुढे गाड्या एवढ्या रखडतात का?

हो, आणि कारण सरळ आहे. कल्याणपर्यंत जलद आणि धिम्या गाड्यांचे रूळ वेगळे आहेत. ठाणे-दिवा दरम्यानचे पाचवे-सहावे रूळ २०२२ मध्ये सुरू झाल्यावर तिथल्या मेल-एक्सप्रेसलाही स्वतंत्र वाट मिळाली. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला मात्र लोकल, पुण्याच्या गाड्या, दक्षिणेकडच्या मेल आणि मालगाड्या दोनच रुळांवरून जातात. एक मालगाडी बंद पडली किंवा एक सिग्नल बिघडला की मागचं सगळं थांबतं, कारण बाजूने काढायला रूळच नाही. या पट्ट्यात जलद-धिमी असा फरकही राहत नाही. विठ्ठलवाडीपासून प्रत्येक स्टेशन घेत गाडी जाते.

कल्याण-बदलापूर तिसरा आणि चौथा रूळ एमयूटीपी-३ए या मुंबई लोकलच्या विस्तार योजनेत मंजूर आहे. तो पूर्ण होऊन गाड्या धावायला लागतील तेव्हा अंबरनाथ-बदलापूरचं गणित बदलेल. तोपर्यंत ऑफिसमध्ये उशिराची नोंद होते की नाही, हा प्रश्न घर घेण्याआधी स्वतःला विचारा.

५. बदलापूरहून गाडी सुटते, मग बसायला जागा मिळत असेल ना?

बदलापूर आणि अंबरनाथहून सुटणाऱ्या गाड्या आहेत आणि त्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोचलात तर जागेची शक्यता असते. कर्जतहून येणारी गाडी मात्र बदलापूरला भरलेलीच येते. डोंबिवलीला बसायला मिळणं हा नशिबाचा भाग आहे. तिथे प्रश्न चढायला मिळण्याचा आहे.

आता 'रिटर्न' समजून घ्या. डोंबिवली-ठाकुर्लीची माणसं सकाळी कल्याण, अंबरनाथकडे जाणारी गाडी पकडतात आणि तीच गाडी परत फिरली की बसून जातात. संध्याकाळी दादरची माणसं सीएसएमटीला जाऊन बसून येतात. यावरून डब्यात रोज वाद होतात. बाजू कोणाचीही घ्या, पण पास त्या उलट्या प्रवासाचाही असला पाहिजे. डोंबिवली ते सीएसएमटी पास काढून अंबरनाथहून बसून आलात, तर डोंबिवली ते अंबरनाथ आणि परत हा प्रवास विनातिकीट धरला जातो. नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही आणि पहिला दंड तिथेच बसतो.

दरवाज्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांच्या दारातून माणसं खाली पडली आणि काहींचा जीव गेला. ती या चार गावांच्याच वाटेवरची गर्दी होती. घर निवडताना 'लटकून जाईन, सवय होईल' असं गृहीत धरू नका. महिला विशेष गाडी, प्रथम वर्ग, एसी लोकल, ऑफिसची वेळ बदलून घेणं, यातलं काय परवडतं आणि काय शक्य आहे ते आधी बघा.

६. पूर्व की पश्चिम?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. माझ्या मते तो गावाच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

रेल्वेने ही गावं मधोमध चिरली आहेत आणि गाडीने पलीकडे जायला पूल थोडेच आहेत. डोंबिवलीचा कोपर पूल दुरुस्तीसाठी सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला तो दोन वर्षांनी उघडला. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. त्या काळात ज्यांचं घर एका बाजूला आणि मुलांची शाळा दुसऱ्या बाजूला होती, त्यांचे हाल आम्ही रोज पाहिले आहेत. म्हणून शाळा, डॉक्टर, आईवडिलांचं घर आणि तुमचं घर शक्यतो रुळांच्या एकाच बाजूला ठेवा.

बाकी स्वभाव असा. डोंबिवली पूर्व म्हणजे फडके रोड, गणेश मंदिर, भरलेला बाजार, आणि पुढे एमआयडीसी. पश्चिम खाडीकडे पसरली आहे आणि मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून रस्त्याने ठाण्याला जाणाऱ्यांना तीच बाजू सोयीची झाली आहे. कल्याण पश्चिम म्हणजे जुनं गाव, दुर्गाडी, खडकपाड्याकडची नवी वस्ती. कल्याण पूर्व दाट आहे, रस्ते अरुंद आहेत. अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराची बाजू आणि आनंदनगर एमआयडीसी, पश्चिमेला आयुध निर्माणीचा परिसर. बदलापूर पूर्व म्हणजे मूळचं कुळगाव. पश्चिम नदीच्या बाजूची, तिच्याबद्दल प्रश्न ९ आधी वाचा.

७. जाहिरातीत 'स्टेशनपासून दहा मिनिटं' लिहिलंय. खरं मानावं का?

चालून पाहिल्याशिवाय मानू नका. ती दहा मिनिटं रविवारी दुपारी, साइट दाखवणाऱ्याच्या गाडीतून मोजलेली असतात. तुम्ही सोमवारी सकाळी साडेसातला त्या इमारतीच्या दारात उभे राहा आणि शेअर रिक्षाने स्टेशन गाठा. मग रात्री अकरानंतर स्टेशनहून तिथे परत जाऊन बघा. शेअर रिक्षाची रांग रात्री असते का, एकटीने जाण्यासारखा रस्ता आहे का, स्पेशल रिक्षाचे किती मागतात, हे तेव्हाच कळतं. या गावांत मीटरने रिक्षा मिळेल अशी आशा धरू नका.

गावाच्या नावाकडेही नीट बघा. 'डोंबिवली' म्हणून विकलेली अनेक संकुलं कल्याण-शीळ रस्त्यावर आहेत. पलावाचंच उदाहरण घ्या: त्याला जवळचं स्टेशन दिवा-पनवेल मार्गावरचं निळजे आहे, डोंबिवली स्टेशन गाठायचं तर काटई नाक्याकडची वाहतूक पार करावी लागते. ज्यांचं ऑफिस नवी मुंबईत आहे आणि गाडीने जायचं आहे त्यांना ते सोयीचं आहे. लोकलने फोर्टला जाणाऱ्याला नाही.

८. पाणी कुठे चांगलं आहे?

कल्याण-डोंबिवलीला महापालिका मुख्यतः उल्हास नदीतून पाणी देते. अंबरनाथ आणि बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी पुरवतं; बदलापूरचा बॅरेज, म्हणजे उल्हास नदीवरचा बंधारा, हा त्यातला मोठा स्रोत, अंबरनाथला चिखलोली धरणाचीही जोड आहे. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं आहे आणि त्याचं पाणी कारखान्यांबरोबर आसपासच्या शहरांनाही जातं. म्हणजे धरण बदलापूरच्या उशाशी आहे म्हणून नळाला चोवीस तास पाणी येईल असा हिशोब लावू नका. धरणाजवळच्या वस्त्यांतही उन्हाळ्यात टँकर फिरतात.

गावापेक्षा इमारतीचा प्रश्न विचारा. नळजोडणी मंजूर आहे का, इमारत सध्या बोअरवेलवर आहे का, एप्रिल-मे मध्ये टँकरवर सोसायटीने किती खर्च केला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विक्री कार्यालयात मिळत नाही, शेजारच्या इमारतीच्या वॉचमनकडे मिळतं. आम्हाला तसंच मिळालं आणि एक ठरत आलेलं घर आम्ही सोडलं.

९. बदलापूरला पूर येतो असं ऐकलं. सगळीकडे येतो का?

नाही. उल्हास नदीच्या काठची पश्चिमेकडची सखल वस्ती धोक्यात असते: हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोड हा भाग. पूर्वेचा बराचसा भाग उंचावर आहे. २६ जुलै २००५ ला हा सगळा पट्टा बुडाला होता. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. २०२१ च्या जुलैतही नदीकाठच्या इमारतींचे तळमजले पाण्यात होते.

आम्ही मार्चमध्ये बदलापूर पश्चिमेला एक घर पाहिलं होतं. गॅलरीतून नदी दिसायची, झाडं होती, मन बसलं होतं. एका शेजारणीने सांगितलं म्हणून टोकन देण्याआधी जुलैत परत गेलो. त्या इमारतीकडे जाणारा रस्ता गुडघाभर पाण्याखाली होता आणि तळमजल्याच्या भिंतीवर छातीच्या उंचीला मागच्या पुराची रेघ होती. मार्चमध्ये तिथे नवा रंग होता.

पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात तुमचा सर्व्हे नंबर सांगून तो या रेषांच्या आत आहे का विचारा. पाचव्या मजल्यावर घर असलं तरी विचारा: पार्किंग, लिफ्ट, विजेचे मीटर आणि पाण्याची टाकी खालीच असतात.

कल्याणलाही खाडीकाठी आणि वालधुनीच्या बाजूला हीच काळजी घ्यावी लागते.

१०. कारखान्यांचा वास येतो का? धोका कितपत?

डोंबिवली एमआयडीसी आणि अंबरनाथच्या एमआयडीसीजवळच्या वस्त्यांमध्ये वास येतो, तोही बहुतेक रात्री उशिरा किंवा पहाटे. वालधुनी नदीत सांडपाणी सोडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. धोक्याबद्दल उगाच धीर देणार नाही: डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले, माणसं दगावली आणि दूरच्या घरांच्याही काचा फुटल्या.

दमा असलेलं माणूस किंवा लहान मूल घरात असेल तर एमआयडीसीला लागून घर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. घ्यायचंच असेल तर एक रात्र तिथल्या ओळखीच्यांकडे मुक्काम करा. दिवसा काही कळत नाही.

११. महापालिका आणि नगरपरिषद यात राहणाऱ्याला काय फरक पडतो?

कल्याण-डोंबिवलीला १९८३ पासून एकच महानगरपालिका आहे. उल्हासनगरची महापालिका वेगळी. अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद. फरक मालमत्ता कर, बांधकाम परवानगी कोण देतं, मोठं सरकारी रुग्णालय, अग्निशमन, बससेवा अशा गोष्टींत दिसतो. खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्कातही फरक पडू शकतो, कारण स्थानिक संस्थेचा अधिभार त्यात असतो. नोंदणी फी एक टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार रुपये. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. या सवलतीचा विचार अनेकजण करतच नाहीत. नक्की रक्कम दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून घ्या, बिल्डरच्या कागदावरचा 'अंदाजे खर्च' धरू नका.

वीज चारही गावांत महावितरणची. मुंबईत राहिलेल्यांनी पावसाळ्यात तास-दोन तास वीज जाण्याची मानसिक तयारी ठेवा, आणि लिफ्टला जनरेटर आहे का ते बघा.

१२. '२७ गावं' म्हणजे काय? एजंट म्हणाला, तिथे स्वस्त आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची ही गावं: नांदिवली, सागाव, सोनारपाडा, दावडी, पिसवली, गोळवली वगैरे. ती महापालिकेत होती, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली, त्यानंतरही काही गावं वेगळी करण्यावरून न्यायालयात वाद झाला. या ये-जा मुळे परवानग्यांचा गोंधळ आहे. एखादी इमारत ग्रामपंचायतीच्या काळातली, एखादी महापालिकेच्या, आणि एखादी कोणाच्याच परवानगीची नाही.

तिथे चांगली, कायदेशीर घरंही आहेत. पण प्रश्न १३ मधली प्रत्येक पायरी इथे दुप्पट काळजीने करा. इमारतीला कोणत्या वर्षी, कोणत्या संस्थेने परवानगी दिली आणि त्या वर्षी त्या संस्थेला तो अधिकार होता का, हे वकिलाकडून लेखी घ्या.

१३. इमारत कायदेशीर आहे हे कसं ओळखायचं? महारेरा नंबर आहे म्हणजे झालं ना?

झालं नाही. महारेरा म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांच्यासाठी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवली होती. घर घेणाऱ्यांकडे नंबर होता, करारनामा होता, काहींकडे बँकेचं कर्जही होतं. त्या कुटुंबांचा विचार केला की आजही पोटात गोळा येतो.

त्यातून शिकायचं ते हे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधा आणि तिथे चढवलेलं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र डाउनलोड करा. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन स्वतः पालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा आणि ते त्यांनीच दिलं आहे का ते विचारा. तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, वेळ लागला तरी चालेल. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी देणारा पालिकेचा कागद, बघा. 'लवकरच येणार' हे प्रमाणपत्र नसतं. सातबारा, बिगरशेती आदेश आणि तीस वर्षांचा टायटल सर्च (जमिनीच्या मालकीचा शोध) तुमच्या वकिलाकडून करून घ्या, बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नाही.

आणि किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय देऊ नका. रेरा कायद्याने बिल्डरला ती मागताच येत नाही. 'आज दिलंत तर हाच भाव' असं म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

१४. तयार घर घ्यावं की बांधकाम चालू असलेलं? जीएसटी कुठे लागतो?

भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या किंवा पुनर्विक्रीच्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के. घर ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंत (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) आणि ४५ लाख रुपयांपर्यंत असेल तर एक टक्का. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. अंबरनाथ-बदलापूरमधली बरीच घरं या मर्यादेत बसतात, डोंबिवलीत तितकी नाहीत. पार्किंग आणि 'इतर आकार' मिळून रक्कम ४५ लाखांच्या वर जात नाही ना, ते कागदावर आधी तपासा. घर ५० लाख किंवा त्याहून महाग असेल तर किमतीतून एक टक्का टीडीएस (आयकर) कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

माझा कल तयार घराकडे आहे. भाडं आणि हप्ता एकदम भरत दोन-तीन वर्षं काढणं बहुतेकांना झेपत नाही.

१५. आईवडील बरोबर आहेत. रात्री काही झालं तर?

खासगी रुग्णालयं डोंबिवली आणि कल्याणला भरपूर आहेत, अंबरनाथ-बदलापूरला वाढत आहेत. सरकारी म्हणाल तर कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर आणि उल्हासनगरला राज्य सरकारचं मध्यवर्ती रुग्णालय. गंभीर रुग्णाला अनेकदा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा सायनला हलवावं लागतं. बदलापूरहून सायनपर्यंत रुग्णवाहिकेने संध्याकाळच्या वाहतुकीत लागणारा वेळ मनात आणून बघा. हृदयविकाराचा किंवा डायलिसिसचा रुग्ण घरात असेल तर मी डोंबिवली किंवा कल्याणच सुचवते आणि या एका बाबतीत तडजोड करू नका असं म्हणते.

१६. मराठी वातावरण, नाटक, वाचनालय, मुलांच्या शाळा?

डोंबिवलीचं नाव यासाठीच आहे. गुढीपाडव्याची शोभायात्रा इथूनच सुरू झाली आणि नंतर गावोगाव पसरली. दिवाळीच्या पहाटे फडके रोड तरुणांनी फुललेला असतो. २०१७ चं ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही डोंबिवलीतच झालं. नाटकासाठी डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आहे. अंबरनाथला शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं शिवमंदिर आहे. संध्याकाळी तिथे बसलं की दिवसभराचा प्रवास अंगातून उतरतो.

शाळेसाठी घर घेण्याआधी प्रवेश मिळेल का ते विचारा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याखालच्या राखीव) जागांसाठी घर ते शाळा अंतर बघितलं जातं, त्यामुळे पत्त्याचा पुरावा कधीपर्यंत लागतो तेही.

१७. मेट्रो येणार, चिखलोली स्टेशन होणार. आत्ताच घेऊन ठेवावं का?

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५, कल्याण-तळोजा मेट्रो १२, कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४, ही नावं जाहिरातीत असतात. काहींचं काम चालू आहे, काही कागदावर आहेत. बिल्डर मात्र भाव मेट्रो धावत असल्यासारखा लावतो. जे आज चालू आहे, फक्त त्याच्या जोरावर घर परवडत आणि सोयीचं वाटत असेल तर घ्या. पुढे स्टेशन झालं तर आनंदच आहे.

१८. दोघांची ऑफिसं दोन दिशांना आहेत. एक ठाण्यात, एक पनवेलकडे. मग?

मग कल्याणच्या पुढे जाऊ नका. ठाण्याला थेट गाडी आणि पनवेलला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर हा एक मार्ग. रस्त्याने जाणाऱ्यासाठी कल्याण-शीळ रस्ता दुसरा. अशा जोडप्याला डोंबिवली पूर्व बहुतेक वेळा जमते. पनवेलवाल्याकडे स्वतःची गाडी असेल तर प्रश्न ७ मधला शीळ रस्त्याचा भागही विचारात घ्या, पण सकाळी साडेआठला त्या रस्त्याने एकदा स्वतः जाऊन या.

१९. उल्हासनगर, टिटवाळा, वांगणी का नाही सांगितलं?

उल्हासनगर स्टेशन सोयीचं आहे, बाजार उत्तम आहे. पण फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या या शहरात जुन्या, अनधिकृत आणि कमकुवत इमारतींचा प्रश्न मोठा आहे. २०२१ च्या मे महिन्यात तिथे पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. जुनं घर घेत असाल तर संरचना तपासणी अहवालाशिवाय पाऊल टाकू नका. टिटवाळा कसारा फाट्यावर आहे. शांत आहे, गाड्या कमी आहेत. वांगणी बदलापूरच्याही पुढे. तिथे फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या जातात. रोज मुंबईला जायचं असेल तर मी तिथे जाणार नाही.

२०. इतकं सगळं एका माणसाला कसं तपासता येणार?

भाड्याने राहून. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि तो जूनच्या मध्यापासून पुढच्या मेच्या मध्यापर्यंत पडेल असं बघा, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच गावात, त्याच बाजूला काढता येईल. पूर, वीज, टँकर, वास, रात्रीची रिक्षा, रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये नातेवाइकांच्या लग्नाला पोचणं, सगळं त्यात येतं. भाड्याचे पैसे वाया जातात असं घरचे म्हणतात. आमचे दोन वर्षांचे गेले आणि त्यामुळेच डोंबिवलीत नको, अंबरनाथ पूर्वेला हवं, हे आम्हाला नेमकं कळलं, कारण तोपर्यंत माझं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवसांवर आलं होतं. ते पाच दिवस असतं तर आम्ही डोंबिवलीतच राहिलो असतो.